माणसं बसवून आवळलेले बोल्ट

माझ्या गॅरेजात एक नियम होता आणि त्या नियमापायी मी बरीच गिऱ्हाइकं घालवली. गाडीच्या खालच्या अंगाचं काम झालं, म्हणजे स्प्रिंग, शॉकअप, आर्म सगळं बसवून झालं, की शेवटचे बोल्ट मी गाडी जमिनीवर उतरवून आणि तिच्यात माणसं बसवूनच आवळायचो. रस्त्यावरची धरून आणलेली कुठलीही माणसं चालत नसत. रोज त्या गाडीत जी बसतात तीच पाहिजेत. लोक म्हणत, मिस्त्री, गाडी तुमच्याकडे दिली, आता खानदानही आणून देऊ का? मी म्हणायचो, आणा.

हे खूळ माझं नव्हे. नांदेडला स्टेशनमागच्या गल्लीत करीम उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांचं होतं. चाक धरून ठेवणाऱ्या आर्मच्या टोकाला लोखंडी नळीत रबर बसवलेलं असतं, त्याला बुश म्हणतात. चाक वर-खाली झालं की हे रबर पिळतं आणि परत सुटतं. गाडी जॅकवर टांगलेली असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबकळत्या अवस्थेतच पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली, वर माणसं बसली, की ते जन्मभर पिळलेलंच राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. उस्ताद म्हणायचे, "हवा में कस्या तो रबर मरते दम तक रोता, बेटा. आदमियाँ बिठा, फिर कस." तज्ज्ञ सांगतात की नुसतं गाडीचं वजन चाकांवर आलं तरी पुरतं. पुरत असेल. मी उस्तादांचं ऐकत आलो.

लातूरला मी स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा पहिलं काम केलं ते खड्ड्याचं. दोन्ही बाजूंना शहाबादी फरशी, उतरायला पायऱ्या, वर पत्रे. गाडी खड्ड्यावर उभी, तिच्यात घरची मंडळी, आणि मी खाली पाना घेऊन. आता तिथं मुलींचं हॉस्टेल आहे. मी नांदेडला लेकीकडे राहतो, गुडघे कामातून गेलेत, आणि माणसं विचारतात की एवढी वर्षं गाड्यांत काढली, काही शिकलात का? गाड्यांबद्दल थोडंफार शिकलो. माणसांबद्दल जे काही कळलं ते त्या खड्ड्यातच कळलं, कारण गाडीत बसलेली माणसं पाच मिनिटांत विसरून जातात की खाली कुणीतरी आहे.

उदगीरचं एक व्यापारी कुटुंब आलं होतं. मुलगी बघायला निघालेले, वाटेत बोल्ट आवळून घेऊ म्हणून थांबलेले. मी खाली उतरलो आणि वर भांडण पेटलं. मामाला पुढच्या सीटवर का बसवलं, काकाला मागं का कोंबलं, मुलगी अजून बघितली नाही तर तिच्या आईला नावं का ठेवता. मध्येच बाईंना शंका आली, "अहो, मिस्त्री ऐकून राहिले असतील." यजमान म्हणाले, "त्याला काय ऐकू येतंय? वर इंजन हाय." इंजिन बंद होतं. मी पाना उगीच दोनदा लोखंडावर आपटला, तर म्हणाले, "बघ, कामात हाय बिचारा." ते लग्न झालं का, मला माहीत नाही. गाडीच्या खालून ऐकलेल्या गोष्टीचा शेवट कधी कळत नाही.

सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. भूकंप झाला त्या दिवसांत आमच्याकडे जीपांची रांग लागली. पाण्याच्या टाक्या, तंबू, धान्य, माणसं, जे मिळेल ते भरून जीपा गावांकडे धावत होत्या, आणि मागच्या कमानींचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, पाटे मोडत होते. आमचं काम एकच, पाटा वाढवा आणि गाडी उचला. जमीन अजून अधूनमधून गुरगुरत होती. खड्ड्यात उतरायची माझी छाती होत नव्हती. वर दीड टन लोखंड आणि खाली आपण, असं उभं राहून जमिनीवर भरवसा कसा ठेवायचा? मी गॅरेजसमोरच्या कडुलिंबाखाली उघड्यावर गोणपाट अंथरून काम करायला लागलो.

अशाच एका जीपमध्ये मागं एक म्हातारबाबा बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, ह्ये उतरत न्हाईत. गावाकडून निघाल्यापासून गाडीतच हायत. छपराखाली जात न्हाईत, जमिनीवर बसत न्हाईत." मी म्हटलं, असू द्या, मला माणूस बसलेलाच पाहिजे. जीपखाली सरकलो, पाटा बसवला, बोल्ट आवळायला घेतले. तेवढ्यात जमीन हलली. फार नाही, लिंबाची पानं सळसळावीत तेवढीच. पण वरून बाबांचा आवाज आला. इतका वेळ ते एक अक्षर बोलले नव्हते.

"खाली कोण हाय?"

मी म्हटलं, "मिस्त्री हाय बाबा."

"भाईर ये. लेकरा, भाईर ये आधी. माझ्या खाली कुनी नगं."

मी बाहेर आलो. त्यांनी माझ्या डोक्यावरची धूळ हाताने झाडली, आणि झाडतच राहिले. ड्रायव्हर तोंड फिरवून उभा राहिला. मग मी बाजूने नुसते हात आत घालून कसेबसे बोल्ट आवळले. ते काम चांगलं झालं नाही, पण त्या दिवशी परत खाली जाऊ का असं त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती. आज हे लिहितानाही बरं वाटत नाही.

पुढं वर्षं गेली आणि लातूरला दुसरंच वारं सुटलं. ज्या गल्लीत पाट्यांचं, पत्र्याचं, वेल्डिंगचं काम चालायचं तिथं क्लासच्या पाट्या लागल्या. जळकोट, अर्धापूर, देगलूर, कुठूनकुठून पोरं यायला लागली. मेस, हॉस्टेल, अभ्यासिका. डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर गाठायचं, असं ठरूनच गेलं. या पोरांत काही बऱ्या घरची होती, बापाची जुनी गाडी घेऊन फिरायची. आणि त्यांना एक नवंच वेड लागलं, गाडी खाली बसवायचं.

मला पहिल्यांदा कळेचना. आमची हयात गाडी उचलण्यात गेली. आमचे रस्ते कसे, आमचे गतिरोधक कसे, गावकऱ्यांनी रातोरात हौसेने घातलेले, म्हशीच्या पाठीएवढे. तिथं गाडी आणखी खाली कशाला न्यायची? पण हौसेला मोल नसतं. आखूड स्प्रिंग कुरिअरने यायचे, लाल नाहीतर निळ्या रंगाचे. काही पोरं तर तेही न आणता वेल्डरकडे जाऊन मूळ स्प्रिंगच गॅसने कापून घ्यायची. गॅसच्या आचेने पोलादाचा पीळ जातो. तशा गाड्या कण्हत माझ्याकडे यायच्या आणि मी हात जोडून परत पाठवायचो.

नुसता आखूड स्प्रिंग घातला की गाडी खाली बसते, पण काम तिथं संपत नाही, तिथं सुरू होतं. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी बफर असतो. चाक फारच वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. गाडी खाली आली की हा बफर आधीच टेकायला येतो, आणि मग गाडी स्प्रिंगवर चालत नाही, बफरवर आपटत चालते. म्हणून तो कापावा लागतो. निमुळतं टोक तसंच ठेवायचं आणि जाड बाजूने बोटभर काढायचं. शॉकअप आखूड पाहिजे, नाहीतर चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवर खुळखुळतो. वळणावर गाडी कलू नये म्हणून आडवा दांडा असतो, त्याची लिंक लहान करावी लागते. चाकं वरच्या बाजूने आत झुकतात, ती सरळ करावी लागतात. एक गोष्ट खाली आणली की बाकी सगळ्यांना तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पोरांना हे ऐकायचं नसायचं. त्यांना फक्त चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोटं जात नाहीत एवढं बघायचं असायचं.

ओंकार बिरादार मात्र ऐकायचा. वीस-एक वर्षांचा, हाडकुळा, डोळ्यांखाली काळं. त्याचे वडील जळकोटला तहसील कचेरीत होते. पोरगं लातूरला खोली घेऊन डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होतं, दोन वेळा थोडक्यात हुकलेलं, आता तिसरी खेप. वडिलांनी जुनी गाडी घेऊन दिली होती, पोराचं मन रमावं म्हणून. पोराचं मन रमलं, पण गाडीतच. दुपारचा क्लास बुडवून तो माझ्याकडे येऊन बसायचा. पहिल्या दिवशीच म्हणाला, "मामा, बफर काढूनच टाकू ना? कटकट जाईल."

मी म्हटलं, "बाबा, कटकट जाईल, अन् मागून शॉकअपचं वरचं टोक बसतं तो टॉवर जाईल. कुठंतरी मऊ जागा ठेवावी लागते."

तो हसला. मग स्वतः बफर हातात घेऊन किती कापायचा ते मोजत बसला. दोनदा मोजून, मला विचारून, मग पातं लावलं. कापही सरळ आला. माझ्या हाताखाली एवढी पोरं गेली, त्यातल्या निम्म्यांना बफर सरळ कापता आला नाही.

एक दिवस तो नसताना वडील आले. गॅरेजात उभ्या उभ्याच बोलले. माणूस सभ्य होता, पण थकलेला. शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"मिस्त्री, ते काम करूनच राहिलात, तर असं करा की आठ दिवसांत पोराला वीट आला पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे आदळली पाहिजे गाडी. घासली पाहिजे. पाठ मोडली पाहिजे त्याची. म्हणजे ह्यो नाद सुटेल अन् पुस्तक हातात घेईल. शेवटचं वर्ष हाय हो ह्ये. ह्या खेपेला न्हाई झालं तर त्याचं पुढं काय, मला दिसत न्हाई."

बाप चुकत होता, पण कळवळ्याने चुकत होता. मी म्हटलं, "साहेब, बिघडलेली गाडी नीट करणं मला येतं. नीट गाडी बिघडवणं ह्या हातांना न्हाई जमायचं. आन् ती आदळली तर पोरगं दुसरीकडं जाईल. तो गॅसवाला वेल्डर काय विचारत बसणार न्हाई."

"मग तुमचा काय उपयोग?" असं म्हणून ते गेले. त्यांचं चूक नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

काम पुरं झालं. बोल्ट राहिले. मी ओंकारला म्हटलं, आई-वडिलांना घेऊन ये, गाडीत बसणारी माणसं तीच ना? तो म्हणाला, "आई येईल. पप्पा नाही येणार, मामा." मग मीच साहेबांना फोन लावला. म्हटलं, "तुम्ही न्हाई बसलात तर बोल्ट तसाच ढिला ठेवावा लागंल, आन् पोरगं ढिल्या बोल्टाची गाडी घेऊन निघंल. बघा बुवा." गाडी नुसत्या वजनावर आवळता आली असती हे त्यांना सांगायला मी गेलो नाही.

रविवारी तिघं आली. बाई ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, चालताना एका पायावर भार देणाऱ्या. गाडी खड्ड्यावर होती. मी आधीच खाली उतरून बसलो. खालून मला बसणारी माणसं दिसत नाहीत, फक्त त्यांचं वजन दिसतं. मागचा डावा आर्म वाकला, बाई बसल्या. पुढचा उजवा जेमतेम हलला, ओंकार बसला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुढचा डावा चांगला खाली आला. साहेब बसले.

"बसायला बरं झालंय की," बाई म्हणाल्या. "पयलं पाय उचलूनच जीव जायचा."

"हाव. रस्त्यावर घासंल तवा कळंल," साहेब म्हणाले.

"नाही घासत. बफर कापलाय, शॉकअप बदललेत."

"बफर. कोणता धडा झाला विचारलं तर तोंड उघडत न्हाई, अन् बफर सांगून राहिलाय. ओंकार, तिसरी खेप हाय बाबा ही. या वेळी नंबर लागलाच पाहिजे."

"नाही लागणार."

"अभद्र बोलू नको."

मी मागचे दोन बोल्ट आवळून पुढे सरकलो. मग ओंकारचा आवाज आला, अगदी बारीक.

"पप्पा, मागच्या वेळी मी पेपर कोरा दिला."

"कोरा म्हंजे?"

"एकही गोल काळा केला नाही. नाव लिहिलं, नंबर लिहिला. मग तीन तास बसून राहिलो."

माझा पाना बोल्टवर तसाच राहिला.

"थोडक्यात हुकलं म्हणाला होतास की तू."

"खोटं सांगितलं. मला वाटलं होतं, शून्य आल्यावर तुम्ही म्हणाल, बस झालं, घरी ये. पहिल्या वेळी थोडे कमी पडले तर तुम्ही म्हणालात, एवढ्यासाठी सोडायचं का, अजून एक वर्ष दे. म्हणून म्हटलं शून्यच घेऊ. पण रिझल्ट लागला त्या दिवशी तुम्ही पेढे सांगून ठेवले होते. मग मला शून्य म्हणता आलं नाही. थोडक्यात हुकलं म्हटलं. अन् तुम्ही म्हणालात, अजून एक वर्ष."

दाराची कडी खटकन वाजली. माझ्या डोक्यावरचा आर्म उठायला लागला. साहेब उतरत होते. एकदा उतरले असते तर त्या दिवशी परत बसले नसते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खालून ओरडलो.

"साहेब, उतरू नका! बोल्ट अर्ध्यात हाय! आता गाडी उठली तर रबर गेलं!"

हे खरंच होतं. बोल्ट अर्धाच होता. आर्म क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग हळूहळू परत खाली आला. दार लागलं.

"त्या दिशी परीक्षेहून आला अन् पोटभर जेवला," बाई म्हणाल्या. "दोन वर्सांत तसा जेवला नव्हता. मी म्हणलं पेपर सोपा गेला आसंल. देवापुढं साखर ठिवली मी."

मी बोल्ट पुरा आवळला. दुसराही आवळला. माझं काम संपलं होतं. पाना हळूच फडक्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसून राहिलो. माझे गुडघे दुखत होते, खड्ड्यात तेलाचा वास होता. वर बाप काय बोलतो याची मीही त्या पोरासारखीच वाट बघत होतो. रागावले तर काय, रडले तर काय, उतरून चालायला लागले तर काय.

"तीन तास?" साहेब म्हणाले.

"हाव."

"एका जागी?"

"हाव."

"मधी पाणी तरी पिलास का रे?"

माझ्या डोक्यावरचा, ओंकारच्या बाजूचा उजवा आर्म थरथरायला लागला, थांबला, परत थरथरायला लागला. इंजिन बंद होतं. मग मागचा डावा हलला. बाई पुढे सरकल्या असाव्यात, पोराच्या पाठीवर हात ठेवायला.

किती वेळ ते तसंच चाललं, मी बघितलं नाही. मग साहेबांनी हाक मारली.

"मिस्त्री, झालं का?"

"न्हाई साहेब," मी म्हटलं. "आजून थोडं राहिलंय."

ते म्हणाले, "राहू द्या. सावकाश करा. आम्ही बसलोत."